मदत हवी आहे: १३७ सेंटीमीटरच्या भिंतीला ८८ पट्ट्यांचा डिजिटल पियानो

नमस्कार मंडळी,

लेकीसाठी डिजिटल पियानो घ्यायचा आहे. ती १० वर्षांची आहे. दोन वर्षं घरी ६१ पट्ट्यांच्या कीबोर्डवर रियाझ करते, पहिल्या ग्रेडची परीक्षा झाली. क्लासमध्ये मात्र खरा पियानो आहे. मागच्या महिन्यात तिच्या मॅडमनी मला थांबवून घेतलं. म्हणाल्या, "पाठ चोख असतं. पण हळू वाजवायचं तिथे सूर उमटतच नाही आणि मोठं वाजवायचं तिथे खांद्यातून जोर लावते. घरच्या कीबोर्डवर हे तिला कळणारच नाही."

मी स्वतः पेटी शिकले आहे, त्यामुळे लगेच पटलं. पेटीत आवाज लहानमोठा करायचा तो भात्याने. पट्टीवर बोट कसंही पडलं तरी चालतं. पियानोत पट्टी किती वेगाने खाली जाते त्यावर हातोडी तारेवर किती जोराने बसणार ते ठरतं. सगळं काम बोटांचं. आणि मी पोरीला रोज त्या हलक्या स्प्रिंगच्या पट्ट्यांवर "हळू वाजव, हळू वाजव" सांगत होते. फार वाईट वाटलं.

आता जागेचं. आमचं डोंबिवलीत वन बीएचके. हॉलमध्ये दार आणि कपाट यांच्यामध्ये १३७ सेंटीमीटर भिंत आहे. समोरून गॅलरीत जायची वाट, म्हणून वाद्य भिंतीपासून ३० सेंटीमीटरच्या पुढे यायला नको. आधी वाटलं, थोडा आखूड मिळेल. मग हिशेब केला: पांढरी पट्टी साधारण साडेतेवीस मिलिमीटर रुंद, ८८ पैकी पांढऱ्या ५२, म्हणजे नुसत्या पट्ट्याच १२२ सेंटीमीटर! लांबीत कोणीच वाचवू शकत नाही, जे काही वाचतं ते खोलीत, म्हणजे भिंतीपासून पुढे येण्याच्या मापात.

त्या मापात बसणारे तीन सापडले. रोलंड एफपी-१० (लांबी १२८.४, खोली २५.८ सेंटीमीटर, वजन १२.३ किलो), यामाहा पी-१४५ (१३२.६, २६.८, ११.१ किलो) आणि कॅसिओ सीडीपी-एस११० (१३२.२, २३.२, १०.५ किलो). बजेट स्टँडसकट ५० हजार. घरच्यांचं मत कॅसिओकडे, कारण वाट मोकळी राहते. माझं मन पट्ट्यांच्या स्पर्शात अडकलंय. दुकानात नेमकं काय तपासू? शिवाय खालच्या मजल्यावरच्या आजी नऊला झोपतात आणि हिचा रियाझ साडेआठनंतरच होतो. हेडफोन लावला की प्रश्न मिटेल ना?

प्रतिसाद:
ताई, दुकानात लेकीला तिची नेहमीची धून वाजवू देऊ नका, त्यात सगळीच वाद्यं छान वाटतात. तीन गोष्टी करायला सांगा. एक, डावीकडची शेवटची पट्टी आणि उजवीकडची शेवटची, दोन्ही दाबून वजनातला फरक बघायचा. खऱ्या पियानोत खर्जाकडच्या पट्ट्या जड असतात. दोन, एकच पट्टी पूर्ण वर न येऊ देता भरभर वाजवायची. एफपी-१० मध्ये प्रत्येक पट्टीला तिची हालचाल ओळखणारे तीन सेन्सर आहेत, त्यामुळे अर्ध्यातून दाबली तरी सूर येतो. तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची आणि कोणी सांगत नाही: पांढरी पट्टी मागच्या बाजूला, काळ्या पट्ट्यांच्या मधे दाबून बघा. खोली कमी केलेल्या वाद्यांत पट्टीचं टेकण (आतली जागा, जिच्यावर पट्टी वरखाली डुलते) जवळ येतं, म्हणून मागे बोट गेलं की ती जड लागते. लहान बोटांना तिथेच त्रास होतो.

प्रतिसाद:
हेडफोनने स्वर बंद होतो, धपधप नाही. वजनदार पट्टी तळाला बसते तो ठोका स्टँडमधून लादीत आणि तिथून खालच्या छतात जातो. आमच्याकडे खालच्यांनी "रात्री काय कुटता?" असं विचारलं होतं. स्टँडच्या पायांखाली जाड रबराचे तुकडे, त्याखाली सतरंजी, आणि वाद्य भिंतीला टेकवायचं नाही, एवढं केल्यावर तक्रार थांबली. बहुतेक वायरी मागून निघतात, त्यासाठीही चार सेंटीमीटर धरा, म्हणजे तुमचे ३० भरत आले. एक्स आकाराचा स्टँड घेऊ नका, डुलतो आणि मुलांचे गुडघे अडतात. सोबत येणारं छोटं पेडल लादीवर सरकतं, तेही पुढेमागे बदलावं लागेल.

धागाकर्ती:
दोघांचेही मनापासून आभार. काल लेकीला घेऊन धोबी तलावला गेले आणि तिन्ही वाद्यांवर तिन्ही गोष्टी करून पाहिल्या. मागच्या बाजूचा फरक मला हाताला लागला, तिला तर शब्दांत सांगता आला: "आई, इथे ढकलावं लागतंय." एफपी-१० वर एक सूर इतका हलका वाजवला की दुकानातल्या गर्दीत मला जेमतेम ऐकू आला, आणि मग तोच पाच-सहा वेळा वाजवत बसली. मन तिकडेच झुकलंय. खोली २५.८, वायरींचे चार, एकूण २९.८.

आता एकच राहिलं: रबराचे तुकडे किती जाडीचे घेतलेत? आणि डोंबिवली-ठाण्यात तसे कुठे मिळतील? आणल्यावर खालच्या आजींना एकदा वर बोलावून ऐकवणार आहे.