जुन्या गावठाणात आपलं घर नेमकं कुठं होतं, कसं शोधायचं?

माळवदावरचा:
आमचं गाव किल्लारीजवळ. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती बोळवून सगळे झोपलेले असताना, भूकंपात गेलं. मी नऊ वर्षांचा होतो. पुढं नव्या गावात ४०० चौरस फुटांचं घर मिळालं, त्यात आता चुलतभाऊ राहतो. जुन्या गावठाणात मात्र पाय ठेवला नव्हता. आता आईनं (वय ७४) धोसरा लावलाय, एकदा माझी चूल होती ती जागा दाखव. मागच्या महिन्यात आधी एकटाच जाऊन आलो. वेडी बाभळ आणि दगडांचे ढीग. मारुतीच्या पारापासून पाचवं घर आमचं, पण गल्लीच सापडेना. कुणी शोधलंय का असं?

निवृत्त तलाठी:
ग्रामपंचायतीत जुना नमुना ८ (घरपट्टीची नोंदवही) शिल्लक असेल तर बघा, घरं ओळीनं लिहिलेली असतात, शेजार कळतो. पण खरं सांगू का, कागदापेक्षा आड धरा. तिथून मोजा.

सास्तूरकडचा:
घरं मोजून कळत नसतंय भाऊ. दोन-अडीच फुटी दगडमातीच्या भिंती, वर माळवद, त्यावर पावसाळ्याआधी दरसाल मातीच्या पाट्या. ते सगळं गल्लीतच आलं, गल्ली कुठून दिसणार? जमिनीत पुरलेलं हुडका. उखळ, उंबऱ्याचा दगड. आणि आईला घेऊनच जावा की, एकटे काय फिरायलाव? बूट घाला, साप हायेत.

माळवदावरचा:
परवा आईला नेलं. आड बुजलाय, पण कडेचे दगड आहेत. तिथून ती माझ्या पुढं चालायला लागली. मी म्हटलं, दार पूर्वेला होतं. "तुला काय कळतंय, ते म्हशीचं दार." बाभळीच्या बुडाशी थांबली, काठीनं माती उकरली. उखळ निघालं. कडेला एक टवका उडालेला, तो माझ्याच हातून मुसळ निसटून उडाला होता म्हणे, मला आठवत नाही. चुलीची जागा तिथून चार पावलं. तिथं काहीच नाही, बोराटी उगवलीय.

मला वाटलं रडेल. बाटलीतलं पाणी उखळात ओतलं, हातानं धुतलं, मग पलीकडच्या ढिगाकडं बोट करून म्हणाली, "गौरीला नेलेली माझी चाळणी हिनं दिलीच नाही."

त्या घरातलं त्या रात्री कुणीच वाचलं नव्हतं.