मदत हवी आहे : बंद पडलेल्या चित्रपटगृहातील प्रोजेक्टर कसे वाचवावेत?
आमच्या पेठेतील एकपडदा चित्रपटगृह गेल्या महिन्यात कायमचे बंद झाले असून, मालकांनी आतील सामान भंगारात देण्याचे ठरवले आहे. त्यात कार्बनच्या कांड्यांवर चालणारे ३५ मिमीचे दोन प्रोजेक्टर आहेत. एकावरचे रीळ संपत आले की ऑपरेटर दुसरा सुरू करीत आणि खाली बसलेल्यांना तो जोड कळतही नसे. केबल आणि मल्टिप्लेक्समुळे प्रेक्षक घटलेच होते, परंतु चित्रपट रिळांऐवजी डिजिटल स्वरूपात येऊ लागल्यावर नव्या यंत्रणेचा खर्च मालकांना झेपला नाही. माझे वडील तेथे डोअरकीपर होते.

ज्या कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी उभारली आणि १९२९ मध्ये प्रभातची स्थापना झाली, तेथे ही यंत्रे किलोच्या भावाने जावीत, हे मला सहन होत नाही.

मालक पंधरा दिवस थांबण्यास तयार आहेत. अशी यंत्रे स्वीकारणारी संस्था किंवा महाविद्यालय कोणास ठाऊक आहे का? पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाशी पूर्वी पत्रव्यवहार केलेल्यांनी त्याची पद्धत कृपया सांगावी. भिंगे व आरसे न फुटता प्रोजेक्टर सुटे करू शकणारे जुने ऑपरेटर कोणाच्या ओळखीत असल्यास तेही कळवावे.