अंगठा उठला नाही म्हणून धान्य नाही? आधारच्या सक्तीला माझा विरोध

चांदवडकर
माझी आई ६८ वर्षांची. उभा जन्म कांद्याच्या खुरपणी-काढणीत गेला, बोटांच्या रेषा झिजून गेल्यात. रेशन दुकानात ई-पॉस मशीनवर अंगठा ठेवते आणि तो उठत नाही. दुकानदार भला माणूस आहे, ओल्या फडक्यानं अंगठा पुसून देतो, "मावशी, केसांवर घासून बघा," म्हणतो. मग दुसरं बोट, तिसरं बोट. शेवटी ओटीपी. तो येतो माझ्या मोबाइलवर, मी भिवंडीच्या गोदामात ड्युटीवर, आणि आमचे फोन बाहेर जमा. गेल्या महिन्यात तीन हेलपाटे घालून ती रिकामी पिशवी घेऊन परतली. दुकानदार तिला चाळीस वर्षं ओळखतो. मशीन ओळखत नाही, म्हणून धान्य नाही.

२९ सप्टेंबर २०१० ला देशातलं पहिलं आधार आपल्याच नंदुरबारच्या टेंभलीत दिलं गेलं. तेव्हा ते ऐच्छिक होतं. आज त्याच्याशिवाय पान हलत नाही. ओळखपत्र असावं, पण त्याची अशी सक्ती नको.

कोपीवरचा
दादा, मावशींचं वाचून जीव तुटला, पण तुमचा विरोध पटत नाही. मी बीडचा, आईवडील ऊसतोडीला. रहिवासी दाखला मागायला गेलो की ऐकावं लागायचं, "तुम्ही गावात राहता कुठं?" सहा महिने कारखान्यावर असायचो, तेवढे महिने आमचं रेशन दुसराच कुणीतरी उचलायचा. आता 'एक देश, एक रेशन कार्ड'मुळं सांगली-कोल्हापूरकडंही अंगठ्यावर धान्य मिळतं. आमच्याकडं ना सातबारा, ना लाइटबिल. आधार हा आमच्या नावाचा पहिला कागद. विरोध करणाऱ्यांच्या घरात आधीच चार पुरावे असतात, हे ध्यानात घ्या.

पासबुक
कोपीवरचाशी सहमत. मी बँकेत काउंटरवर बसते. पूर्वी निराधार योजनेच्या पैशासाठी म्हाताऱ्या बायका मध्यस्थाला घेऊन यायच्या आणि तो दारातच आपला हिस्सा काढून घ्यायचा. खात्यात थेट पैसे आल्यावर ते बरंच कमी झालं. सक्ती काढली की बोगस नावं पुन्हा घुसतील.

वकिलीण
पासबुकताई, खात्यात पैसे जमा करायला खाते क्रमांक पुरतो. आणि बोगस नाव पकडायचा भार खऱ्या माणसाच्या बोटावर का?

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ ला खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात बँक खातं आणि सिमकार्डासाठीची सक्ती गेली; पॅन आणि सरकारी अनुदानासाठीची राहिली. म्हणजे ज्याला पोटासाठी सरकारकडं जावंच लागतं, त्याच्यावरच तिचा जास्त भार. न्या. चंद्रचूड यांनी वेगळं मत देऊन, धन विधेयक म्हणून, म्हणजे राज्यसभेच्या संमतीची गरज न ठेवता, मंजूर केलेला हा कायदाच घटनाबाह्य ठरवला होता. चार विरुद्ध एक असा निकाल लागला. मला तो एक पटतो.

गुरुजी
शाळेतलं सांगतो. शिक्षकांची पदं ठरवणारी संचमान्यता आधार-वैध पटावर, म्हणजे आधार जुळलेल्या मुलांच्याच संख्येवर होते. मूल समोर बाकावर बसलंय, पाढे म्हणतंय, पण नावाच्या स्पेलिंगमध्ये एक अक्षर चुकलं की 'मिसमॅच'. २०१८ च्या त्याच निकालात शाळा प्रवेशासाठी आधारची सक्ती नको म्हटलंय. मग मोजताना ते मूल कुठं जातं?

थेम्सकाठी
इथं ब्रिटनमध्ये २००६ साली ओळखपत्राचा कायदा झाला, २०१० मध्ये नव्या सरकारनं तो रद्द केला आणि साठवलेली माहिती हार्डडिस्कसकट नष्ट केली. झालेला कायदा मागे घेता येतो.

कोपीवरचा
थेम्सकाठीताई, तिथल्या लोकांना रेशनच्या रांगेत उभं राहावं लागत नाही. तुम्ही म्हणता रद्द करा. रद्द झालं तर उद्या आमची ओळख पुन्हा सरपंचाच्या मर्जीवर येणार नाही कशावरून? हे मला कुणीतरी सांगा.

चांदवडकर
कोपीवरचा, तुमच्या या प्रश्नावर दोन दिवस विचार केला. तुमचा कागद जावा असं मला मुळीच म्हणायचं नाही. तुम्हाला अंगठ्यानं मिळतं ते मिळत राहो. आईला रेशनकार्ड दाखवून वहीत सही करून मिळालं पाहिजे, एवढंच मागतो. ज्यांचं बोट उठत नाही त्यांना वंचित ठेवू नका, असं परिपत्रक आधार देणाऱ्या प्राधिकरणानंच (यूआयडीएआय) ऑक्टोबर २०१७ मध्ये काढलंय. आमच्या दुकानदारानं ते पाहिलेलं नाही.

काल सुट्टी काढून आईला आधार केंद्रावर नेलं. बोटं तिथंही उठली नाहीत, डोळ्यांचं स्कॅन मात्र लगेच झालं. पण गावातल्या दुकानाच्या मशीनला डोळ्यांचा स्कॅनर नाही. सोमवारी तहसीलला लेखी अर्ज देतोय, परिपत्रकाची प्रत जोडून. पोच घेऊन इथं कळवतो.