म्युरेनला एक रात्र तरी राहाच

स्वित्झर्लंडमधलं म्युरेन हे डोंगरावरचं गाव दोन तासांत बघून होतं का, असं एकाने विचारलंय म्हणून लिहिते. होतं, पण तसं करू नका. गाव १६३८ मीटरवर, कड्याच्या अगदी काठाशी वसलंय. पर्यटकांच्या गाड्या वर येतच नाहीत, त्यामुळे दिवसभराची गर्दी उतरून गेली की गाईंच्या गळ्यातल्या घंटा तेवढ्या ऐकू येतात. समोर आयगर, म्योंख, युंगफ्राउ ही शिखरं ओळीने उभी. संध्याकाळी खालची लाउटरब्रुनेनची दरी काळोखात बुडालेली आणि ४१५८ मीटर उंच युंगफ्राउचा माथा मात्र अजून गुलाबी! तो रंग विझेपर्यंत मी खिडकीतून हलले नाही.

जाताना लाउटरब्रुनेनहून केबल कारने वरच्या ग्रुचाल्प स्टेशनला जा आणि पुढची छोटी रेल्वे सोडून चालतच या. वाट बरीचशी सपाट आहे, दीड तास धरा. आईबाबा सोबत असतील तर रेल्वे आहेच. दुसऱ्या दिवशी उतरणीने गिमेलवाल्ड या खालच्या गावाला जाऊन या, अर्धा-पाऊण तास लागतो. तिथल्या लाकडी घरांच्या भिंतींना सरपण इतकं नेटकं रचलेलं असतं की बघत राहावं. शिल्टहॉर्न शिखरावर जायच्या केबल कारचं तिकीट मात्र आधी काढू नका. सकाळी वेबकॅमवर ढग बघा, मगच ठरवा.