बातम्यांवर इंग्लिशमध्ये गप्पा मारायचं ठरवलं, पण दोन मिनिटांत गाडी मराठीवर येते. काय करू?

कादवाकाठ:
नमस्कार मंडळी. इथे पहिल्यांदाच लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

मी निफाड तालुक्यातली. शाळा सगळी मराठी मीडियम, नंतर बीकॉम, आणि आता नाशकात एका एक्सपोर्टवाल्या कंपनीत डॉक्युमेंटेशन बघते. ईमेल जमतात, म्हणजे जुना मेल उघडायचा, नाव आणि तारीख बदलायची आणि पाठवून द्यायचा, एवढं येतं. घोळ होतो तो कॉलवर. कामाचं बोलून झालं की समोरचा सहज विचारतो, तुमच्याकडे पाऊस कसा झाला, त्या एक्सपोर्ट ड्युटीचं पुढे काय झालं, आणि मला सगळं माहीत असून, अगदी घरी वडील त्यावर तासभर बोलत असतात तरी, मी नुसतं "येस सर, येस सर" करून फोन ठेवते. नंतर स्वतःचाच राग येतो.

म्हणून आम्ही चार मैत्रिणींनी ठरवलं, दर रविवारी रात्री नऊला गूगल मीट लावायचं, त्या आठवड्यातली एक बातमी घ्यायची आणि अर्धा तास फक्त इंग्लिश. पाच रविवार झाले. दर वेळी तेच. जिची पाळी असते ती पेपरातली वाक्यं पाठ करून म्हणून दाखवते, बाकीच्या तिघी "आय अ‍ॅग्री" म्हणतात, मग शांतता, मग कुणाच्या तरी घरात कुकरची शिट्टी होते आणि तिथून पुढे जे सुरू होतं ते मराठीत.

एकदा तर कहर झाला. विषय घेतला पहिलीपासून हिंदीचा. १६ एप्रिल २०२५ चा जीआर, त्यावरून झालेला गोंधळ, मग २९ जूनला सरकारने जीआर मागे घेतले, ते सगळं. एक मैत्रीण म्हणाली तिसरी भाषा शिकली तर बिघडलं काय, दुसरी भडकली, आणि मग मराठीच्या बाजूने इंग्लिशमध्ये भांडायचं होतं ते काही जमेना म्हणून दोघी मराठीतच भांडल्या, चाळीस मिनिटं. अजून नीट बोलत नाहीयेत.

तर विचारायचंय की बातम्या कुठल्या घ्यायच्या? शब्द अडला की काय करायचं? आणि खरं म्हणजे पेपर वाचून बोलणं सुधारतं का, की आम्ही चुकीच्या रस्त्याला लागलोय?

उगाच_एक:
चुकीच्या रस्त्याला लागलाय. पेपर वाचून इंग्लिश बोलता आलं असतं तर पुण्याच्या पेठांमधली निम्मी पोरं लंडनला भाषणं देत असती. मी स्वतः तीन वर्षं कॉट बेसिसवर राहून रोज सकाळी द हिंदू वाचला, संपादकीयातले अवघड शब्द लाल पेनाने वहीत उतरवले, वही अजून आहे, दोनशे पानी. आणि त्यानंतर पहिल्या नोकरीच्या इंटरव्ह्यूत "टेल मी अबाउट युवर टाउन" विचारल्यावर माझ्या तोंडातून गावाचं नाव आणि जिल्ह्याचं नाव एवढंच बाहेर पडलं. "एक्झॅसरबेट" येत होतं हो, "आमच्याकडे उसाची शेती आहे" येत नव्हतं.

बातम्या सोडा, दूधवाल्याचं, मकानमालकाचं, ऑफिसातलं बोला.

निवृत्त_खडू:
उगाचराव, तुमची वही मला बघायला आवडेल, पण दोष पेपरचा नाही. तुम्ही तीन वर्षं वाचलंत, बोललात किती मिनिटं?

ताई, मी एकतीस वर्षं इंग्रजी शिकवलं, तेही तुमच्यासारख्याच मराठी शाळांमधून, त्यामुळे दुखणं कुठे आहे ते सांगू शकतो. तुम्ही मथळ्याची भाषा बोलायला जाता. पेपरातला मथळा ही जागा वाचवायला केलेली भाषा आहे, ती कुणीच बोलत नाही, इंग्रजसुद्धा नाही. "सेंटर मल्स ड्युटी कट", "कॅबिनेट नॉड", "अपोझिशन स्लॅम्स" हे चहाच्या टपरीवर म्हणून बघा. शिवाय त्यात व्याकरण मुद्दाम मोडलेलं असतं. झालेली गोष्ट वर्तमानकाळात सांगतात, होणारी गोष्ट नुसत्या "टू" वर भागवतात, आणि "अ", "द", "इज" तर भंगारात काढलेले असतात. आधीच मराठी माणसाला "अ" आणि "द" कुठे लावायचं ते कळत नाही, कारण आपल्याकडे ती भानगडच नाही, त्यात मथळे पाठ केले की उरलंसुरलंही जातं.

म्हणून पहिला व्यायाम हा करा. मथळा घ्यायचा आणि तो सैल करायचा. "बस फॉल्स इनटू गॉर्ज" असं छापलं असेल तर तुम्ही म्हणायचं, "अ बस फेल इनटू अ गॉर्ज यस्टरडे." पुढे कुठे, किती लोक होते, का पडली. अशा पाच-सहा मथळ्यांवर दहा मिनिटं काढा, भूतकाळ आपोआप तोंडात बसतो.

दुसरं, तुम्ही चौघी आहात हे फार बरं आहे. एक जुना प्रकार आहे, आम्ही वर्गात ४-३-२ म्हणायचो. एकच बातमी पहिल्या मैत्रिणीला चार मिनिटांत सांगायची, मग जोडी बदलायची, तीच बातमी दुसरीला तीन मिनिटांत, मग तिसरीला दोन मिनिटांत. चार जणींत प्रत्येकीला बरोबर तीन ऐकणाऱ्या मिळतात, कुणालाच तीच बातमी दुसऱ्यांदा ऐकावी लागत नाही. गंमत अशी की पहिल्या वेळी माणूस शब्द शोधत अडखळतो, तिसऱ्या वेळी शब्द सापडलेले असतात, फक्त वेळ कमी असतो, त्यामुळे "अंऽऽ" करायला सवडच नसते. फोन मात्र पालथा. बघून वाचायचं नाही.

आणि मीटिंग नऊऐवजी साडेनऊला ठेवा. रात्री नऊला आकाशवाणीचं इंग्रजी बातमीपत्र असतं, पंधरा मिनिटांचं. टीव्हीवर आठ चौकटींत आठ माणसं एकदम ओरडतात, त्यातून काय शिकणार? रेडिओवर एकच माणूस, एका वेळी एक वाक्य, नावंगावं आपली. ते चौघींनी ऐकायचं, मग पंधरा मिनिटं पाणी वगैरे पिऊन बोलायला बसायचं.

त्याहून सावकाश हवं असेल तर व्हॉइस ऑफ अमेरिकाचं जे लर्निंग इंग्लिश आहे त्याचे जुने भाग शोधा. १९५९ साली "स्पेशल इंग्लिश" नावाने सुरू झालं ते, साधारण दीड हजार शब्दांतच सगळ्या जगाच्या बातम्या सांगायच्या आणि हळू सांगायच्या असा त्यांचा नियम. दीड हजार! उगाचरावांच्या वहीत त्याहून जास्त असतील.

उगाच_एक:
२१४०. मोजलेत. 😐

ब्रमवाली_सिस्टर:
रात्रपाळी करून आलेय, स्पेलिंग चुकलं तर माफ करा.

मी सोलापूरची, आता बर्मिंगहॅमला नर्स आहे. मला दोन्ही बाजू पटतात. यायच्या आधी मी आयईएलटीएस, म्हणजे परदेशी जायला लागते ती इंग्लिशची परीक्षा, दिली, त्यात स्पीकिंग ११ ते १४ मिनिटांचं, मधे एक कार्ड हातात देतात, एक मिनिट विचार करायचा आणि मग एक-दोन मिनिटं आपण एकटंच बोलायचं. त्यासाठी मी बातम्यांवरच तयारी केली, ग्लोबल वॉर्मिंग, आर्टिफिशियल इंटेलिजन्स, सगळे मोठे मोठे विषय. हवा तो बँड, म्हणजे गुण, आला. इथे आले आणि पहिल्या दिवशी ब्रेकमध्ये सगळ्या बोलत होत्या एकीच्या घराच्या बॉयलरबद्दल. माझं ग्लोबल वॉर्मिंग पर्समध्येच राहिलं.

पण नंतर मला ज्या बातमीने बोलतं केलं ती कचऱ्याची. २०२५ च्या जानेवारीत इथल्या कचरावेचकांचा, म्हणजे कौन्सिलच्या (इथली महापालिका) गाडीवाल्यांचा संप सुरू झाला आणि ११ मार्चपासून बेमुदत. कौन्सिलने त्यांच्यातला एक हुद्दाच काढून टाकला, त्यात काहींचा पगार कमी होणार, असा वाद. रस्त्यावर काळ्या पिशव्यांचे ढीग, उंदीर. आता ह्या विषयावर प्रत्येकाला काहीतरी सांगायचं होतं आणि मलाही! कारण माझ्याही दारात पिशव्या होत्या. "युअर्स कलेक्टेड येट?" एवढ्यावरून वीस मिनिटं गप्पा. "बिन लॉरी", "रबिश", "फ्लाय-टिपिंग" म्हणजे कुठेही नेऊन कचरा टाकून येणं, हे शब्द मी कुठल्याच पुस्तकात शिकले नव्हते. मी सांगितलं की सोलापुरात घंटागाडी येते, गाणं वाजवत, तर त्यांना ते इतकं आवडलं की एक वॉर्डबॉय अजून मला बघितलं की घंटा वाजवल्यासारखं करतो.

म्हणून ताई, दिल्लीची आणि वॉशिंग्टनची बातमी नको, आपल्या दारातली घ्या. जिथे तुमचं काहीतरी अडकलंय. आणि "आय अ‍ॅग्री" वर दंड बसवा, दहा रुपये. त्याऐवजी ऐकणारीने प्रश्नच विचारायचा, "हू विल पे फॉर इट?", "हाऊ डू यू नो?", "व्हॉट हॅपन्ड देन?" एवढे तीन पुरतात. गप्पा बोलणाऱ्यामुळे थांबत नाहीत हो, ऐकणारा नुसती मान हलवतो म्हणून थांबतात. मराठीत आपण गप्प बसतो का? मधे मधे दहा प्रश्न विचारतो.

बीबीसीचं सिक्स मिनिट इंग्लिश पण बघा, दोघं जण एका विषयावर बोलतात आणि सुरुवातीला एक प्रश्न टाकतात, उत्तर शेवटी देतात. ती आयडिया तुमच्या मीटिंगला उचला, म्हणजे शेवटपर्यंत कुणी जाणार नाही.

मिरज_जंक्शन:
भांडण टाळायचं असलं तर क्रिकेट घ्या की. २ नोव्हेंबर २०२५ ला आपल्या पोरींनी नवी मुंबईत वर्ल्ड कप जिंकला, ५२ रन्सनी, शफालीचे ८७, दीप्तीच्या पाच विकेट, आणि त्याआधी सेमीत ऑस्ट्रेलियापुढे जेमिमाने नाबाद १२७ मारून ३३९ चेस केले. ती मॅच न बघितलेल्या माणसाला इंग्लिशमध्ये सांगायची. सगळा भूतकाळ, सगळी क्रियापदं, आणि आवाज आपोआप चढतो. आम्ही रेल्वेतली पोरं असंच करतो, ड्युटी संपली की एक जण कॉमेंट्री. चुका लै होतात पण कुणी थांबवत नाही. थांबवायचं नाही हा मेन नियम, चूक सांगायची ती शेवटी, दोनच, जास्त नाही.

राजकारण घ्यायचंच असलं तर चिठ्ठ्या टाका. चिठ्ठीत जी बाजू येईल ती बोलायची, आपली पटो ना पटो. मग कोण कुणावर रुसणार?

कादवाकाठ:
तीन रविवार झाले, सांगायला आले.

सिस्टरचं ऐकून दारातली बातमी घेतली. आमच्या दारात काय, कांदा! १९ ऑगस्ट २०२३ ला चाळीस टक्के निर्यात शुल्क लावलं तिथून सुरुवात केली, मग लिलाव बंद, डिसेंबरात निर्यातबंदीच, ती उठली ४ मे २०२४ ला पण साडेपाचशे डॉलर टनाला किमान भाव आणि वर चाळीस टक्के ठेवूनच, मग सप्टेंबरात वीस टक्के, आणि १ एप्रिल २०२५ पासून शून्य. ह्यातली एकही तारीख मला बघावी लागली नाही, वडिलांमुळे. आणि तेव्हा कळलं की माझ्याकडे सांगायला इतकं होतं की इंग्लिश मागे पडत होतं आणि मी पुढे पळत होते, आधी उलटं असायचं, इंग्लिश शोधत बसायचं आणि सांगायला काहीच नाही.

शब्द अडले, खूप अडले. "आवक" ला काय म्हणायचं? मी म्हटलं, "मोअर अनियन्स केम टू द मार्केट", काम झालं. नंतर इंग्लिश पेपरात बघितलं तर ते सरळ "अरायव्हल्स" लिहितात, म्हणजे आवकच की! इतकी वर्षं डोळ्यांसमोरून जात होता शब्द. सर्वसाधारण भावाला "मोडल प्राइस". पण कांद्याला कोंब येतो ते मला येईना, तर मैत्रीण म्हणाली, "द अनियन वेक्स अप." कांदा जागा होतो. आम्ही दहा मिनिटं हसलो. कांदा साठवायच्या चाळीचं पण तसंच, "चाळ" म्हटलं तर एकीला मुंबईची चाळ वाटली, मग तिला समजावून सांगण्यात सगळं वाक्यच लांब आणि चांगलं झालं, "अ लाँग शेड विथ गॅप्स इन द वॉल्स, सो द एअर कॅन पास."

४-३-२ मध्ये चार मिनिटांत फक्त २०२३ संपलं. तिसऱ्या वेळी दोन मिनिटांत सगळं सांगून वर दहा सेकंद उरले. दंडाचे साठ रुपये जमलेत, त्यातले चाळीस माझे.

आणि त्या दोघी बोलायला लागल्या, मिरजकरांच्या चिठ्ठ्यांमुळे. जी हिंदीवरून भडकलेली तिलाच हिंदीची बाजू आली. तोंड बघण्यासारखं होतं, पण बोलली, आणि बरं बोलली.

कॉलचं अजून सांगण्यासारखं काही नाही. परवा एकाने पावसाचं विचारलं, मी तीन वाक्यं बोलले, तिसऱ्यात "हॅज" ऐवजी "हॅव" गेलं, त्याला काही पडलेली नव्हती, त्यानेच उलट त्यांच्याकडच्या बर्फाचं सांगितलं.

येत्या रविवारी द्राक्षं. सर, द्राक्षाचे घड कागदात गुंडाळतात त्याला इंग्लिशमध्ये काय म्हणायचं?

निवृत्त_खडू:
शब्द मागू नका, काम सांगा. का गुंडाळतात ते माहीत आहे ना?

कादवाकाठ:
हो, मणी गुलाबी पडू नयेत म्हणून. "वी रॅप पेपर अराउंड ईच बंच, अदरवाइज द ग्रेप्स टर्न पिंक अँड द बायर से नो."

निवृत्त_खडू:
"सेज" नो. बाकी पास.