तडजोडींनी अमेरिका वाचवली, हे मला पटत नाही

नदीकाठ
अमेरिकेच्या यादवीवर (१८६१-६५, उत्तरेची राज्यं विरुद्ध गुलामगिरी टिकवू पाहणारी दक्षिणेची राज्यं) वाचताना एक मत हमखास समोर येतं. हेन्री क्लेसारख्या पुढाऱ्यांनी गुलामगिरीवर तडजोडी करून युद्ध चाळीस वर्षं लांबवलं, हे त्यांचं मोठेपण. मला हे अजिबात पटत नाही. १७८७ च्या राज्यघटनेत प्रतिनिधींच्या जागा ठरवताना पाच गुलामांमागे तीन माणसं मोजली. मत गुलामांना नाही, पण त्यांच्या संख्येवर मालकांच्या राज्यांना जादा जागा मिळाल्या. १८२० ला मिसुरी गुलामगिरीसह आणि मेन तिच्याविना घेतलं, आणि पश्चिमेच्या प्रदेशात ३६ अंश ३० मिनिटांच्या अक्षांशावर रेघ ओढली: तिच्या उत्तरेला गुलामगिरी नाही. १८५० ला कॅलिफोर्निया मुक्त राहिलं, बदल्यात दक्षिणेला पळालेले गुलाम पकडण्याचा कडक कायदा मिळाला. दोन्ही बाजूंनी थोडं थोडं सोडलं म्हणतात. सोडलं ते कोणाचं? ज्यांच्या आयुष्याचा सौदा चालला होता त्यांना बैठकीत बोलावलंच नव्हतं. १७९० ला गुलाम सात लाखांच्या आसपास होते, १८६० ला जवळजवळ चाळीस लाख.

सह्यकडा
संताप रास्त आहे, पण पर्याय काय होता तेही सांगा. १७८७ ला उत्तरेची राज्यं हटून बसली असती तर साउथ कॅरोलायना आणि जॉर्जिया ही दक्षिणेची राज्यं बाहेर पडली असती. मग तिथली गुलामगिरी मोडायला कोण जाणार होतं? आणि १८५० ला युद्ध पेटलं असतं तर? गुलामगिरीच्या प्रसाराला विरोध करणारा, लिंकनचा रिपब्लिकन पक्ष जन्मलाही नव्हता. पुढच्या दहा वर्षांत देशातले लोहमार्ग तिपटीहून वाढले, शिकागोकडचा मुलूख न्यूयॉर्कशी बांधला गेला. त्याच बळावर उत्तरेची राज्यं जिंकली. क्लेने ती दहा वर्षं मिळवून दिली. नुसत्या चांगल्या हेतूने लढाई जिंकता येत नाही.

जुनापाढा
त्या दहा वर्षांत काय चाललं होतं तेही बघा. १८५० च्या कायद्यात पकडलेल्या माणसाला स्वतःच्या बाजूने साक्ष देता येत नव्हती, ज्युरीही नव्हती. निकाल देणाऱ्या कमिशनरला माणूस परत पाठवला तर दहा डॉलर, सोडला तर पाच! व्हर्जिनियातून पळालेला अँथनी बर्न्स १८५४ च्या मे महिन्यात बॉस्टनला पकडला गेला. त्याला बंदरावर नेताना दुतर्फा सैनिक उभे होते, दुकानांवर काळं कापड टांगलेलं, हजारो लोक रस्त्यावर. एका माणसाला गुलामीत परत ढकलायला एवढा फौजफाटा! पुढे लोकांनी पैसे गोळा करून त्याला विकत घेतलं तेव्हा कुठे तो सुटला. सह्यकडा, तुमच्या हिशोबात बर्न्स कुठे बसतो?

मधुमालती
सगळ्या तडजोडी एका मापाने मोजू नका. १८२० ची रेघ निदान 'यापुढे नाही' म्हणत होती. १८५० च्या कायद्याने उत्तरेतल्या सामान्य माणसालाच गुलाम पकडायच्या कामाला जुंपलं. १८५४ ला सिनेटर स्टीफन डग्लसने कॅन्सस-नेब्रास्का कायद्यात (गुलामगिरी हवी की नको हे तिथल्या रहिवाशांनीच ठरवायचं) ती जुनी रेघही पुसली, आणि कॅन्ससात लगेच खून पडायला लागले. म्हणजे युद्ध टळलं कुठे? ते छोट्या प्रमाणात तिथे सुरूच झालं होतं.

सह्यकडा
बर्न्सचा मुद्दा मान्य, त्याला माझ्याकडे उत्तर नाही. पण बॉस्टनचे तडजोडवादी व्यापारी त्याच दिवशी गुलामगिरीविरोधी झाले, हेही खरं. लोकमत असंच तयार होतं. नवा राष्ट्राध्यक्ष लिंकनसुद्धा १८६१ च्या मार्चमध्ये, राज्यांतल्या गुलामगिरीला केंद्राने कधीच हात लावू नये अशी घटनादुरुस्ती मान्य करायला तयार होता. त्यालाही तुम्ही तोच न्याय लावणार का?

नदीकाठ
हो, लावणार. तेवढ्यापुरता तो चुकलाच. पण त्याच लिंकनने सिनेटर क्रिटेंडनचा तडजोडीचा प्रस्ताव, म्हणजे ती रेघ थेट पॅसिफिकपर्यंत न्यायची आणि तिच्या दक्षिणेला गुलामगिरीला कायम संरक्षण द्यायचं, हा साफ नाकारला. गुलामगिरी नव्या प्रदेशात पसरू द्यायची नाही, यावर तो अडून राहिला. आणि त्या घटनादुरुस्तीने साधलं काय? ती काँग्रेसमध्ये (अमेरिकेच्या संसदेत) मंजूर झाली तेव्हा दक्षिणेची सात राज्यं आधीच देशातून फुटली होती. एकही परत आलं नाही. मालकांना एवढी हमी देऊनही भागलं नाही, तर क्लेने आणखी काय द्यायला हवं होतं?