जुन्या गाडीचं मॅन्युअल: कसं निवडलंत, कुठे फसलात? (अनुभव धागा)

माळा आवरताना पत्र्याच्या ट्रंकेत बाबांचं मॉरिस मायनरचं वर्कशॉप मॅन्युअल सापडलं. टॅपेटच्या (व्हॉल्व्हजवळच्या फटीच्या) पानावर अंगठ्याचा काळा ठसा, रेषा मोजता येतील इतका स्वच्छ. ०.०१२ इंच या आकड्याखाली पेन्सिलीची दुहेरी रेघ आणि शेजारी बारीक अक्षरात, "इंजिन गार असताना. गार म्हणजे गार." हे मलाच उद्देशून असणार. टॉर्च धरून मी उभी असायचे आणि घाईही माझीच असायची.

पुढे चाळलं तर पुढच्या काचेच्या पानावर मोठी फुली. "आपली दोन तुकड्यांची." डिफरन्शियलवरही (मागच्या एक्सलमधले गिअर) फुली, "आपलं वेगळं." मग ट्यूब पेटली. पुस्तक मायनर १००० चं आहे, म्हणजे १९५६ पासूनच्या अखंड काचेच्या, ९४८ सीसीच्या गाडीचं. आमची त्याच्या आधीची सिरीज टू, ८०३ सीसी. बाबांनी बावीस वर्षं चुकीचं पुस्तक वापरलं की काय!

गाडी आता माझ्याकडे आलीय. चार वर्षं ताडपत्रीखाली होती. तिच्यासाठी नीट मॅन्युअल घ्यायचंय. कंपनीचं घ्यावं, घरी दुरुस्ती करणाऱ्यांसाठीचं, की स्कॅन पुरेल? आपापले अनुभव लिहा.

नटबोल्ट
कंपनीचंच घे. डोळे झाकून.

उलटा पाना
डोळे झाकून नको हो ताई. कंपनीचं मॅन्युअल कंपनीच्या शिकलेल्या मेकॅनिकसाठी लिहिलेलं असतं. जे त्याला येतं ते त्यात नसतं. बीएमसीच्या (मॉरिस बनवणारी कंपनी) पुस्तकात मधेच येतं, हत्यार क्रमांक १८जी अमुक वापरून हब ओढून काढा. ते हत्यार तुमच्याकडे नसतं, म्हणजे त्या ओळीवर तुमचा रविवार संपला. मी तीन रविवार असेच घालवले.
हेन्सची (घरी दुरुस्ती करणाऱ्यांसाठी पुस्तकं छापणारे) जात वेगळी. त्यांचं पहिलं ओनर्स वर्कशॉप मॅन्युअल १९६६ चं, ऑस्टिन-हीली स्प्राइटचं. खरोखरची गाडी खोलायची, जोडायची, आणि टप्प्याटप्प्याला फोटो काढायचे, ही पद्धत. नवख्याला तेच झेपतं. माझ्याकडे दोन्ही आहेत. आकड्यांना कंपनीचं, हाताला हेन्स.

मागची सीट
आणि सगळं खोलून झालं की शेवटी एक ओळ, "जोडणी उलट क्रमाने करावी." या ओळीपायी माझ्याकडे तीन वॉशर आणि एक स्प्रिंग उरलीय. गाडी चालते. विचारू नका.

चोक
@मागची सीट, ती स्प्रिंग हँडब्रेकची असेल तर चढावर कळेल 😄

भुंगा१२व्होल्ट
बीटलवाले कुठे आहेत? आमच्यात सगळ्यात मोठा घोळ वर्षाचा. १९५५ पासून फोक्सवॅगनचं मॉडेल वर्ष ऑगस्टला सुरू व्हायचं. सप्टेंबर १९६६ ला बनलेली गाडी म्हणजे ६७ चं मॉडेल. माझ्या कागदांवर ६६, म्हणून मी ६६ पर्यंतचं पुस्तक आणलं. अर्ध्या गोष्टी जुळेनात. मीच वेडी झालेय की गाडी, कळेना. शेवटी चॅसी नंबर घेऊन बसले तेव्हा उलगडा झाला. वर्ष बघून पुस्तक घेऊ नका, नंबर बघून घ्या.
बाकीचं नंतर लिहिते, मशीन थांबलंय, कपडे वाळत घालायचेत.

फोर व्हील
जीपचंही तेच. सीजे-३ए आणि सीजे-३बी, दोन्हींची इंजिनं १३४ घन इंचांची, म्हणून मी समजलो एकच. ३ए ला दोन्ही व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये. ३बी ला इनटेक वर हेडमध्ये आणि एक्झॉस्ट खाली ब्लॉकमध्ये. म्हणून तर तिचं बॉनेट उंच आहे. मी ३ए चं पुस्तक उघडून ३बी च्या व्हॉल्व्हकडे तासभर बघत बसलो होतो.
आणि योग्य पुस्तक असूनही न वाचण्याची शिक्षा वेगळी. जुन्या विलीजच्या (म्हणजे जीपच्याच) डाव्या चाकांचे नट उलट्या आट्याचे असतात. पाइप लावून, वर उभा राहून सैल करत होतो. सैल कुठला, आवळत होतो! स्टड तुटला तो आवाज अजून कानात आहे. घरी गेल्यावर पुस्तकात पाहिलं, एका ओळीत लिहिलेलं होतं.

नटबोल्ट
@फोर व्हील काका, हे वाचून माझ्याच मनगटात कळ आली.

पौंड की किलो
टॉर्कचे आकडे कोणत्या मापात आहेत ते आधी बघा. फियाटच्या पुस्तकात किलोग्रॅम-मीटर, इंग्रजी गाड्यांच्या पौंड-फूट, नव्या छपाईत न्यूटन-मीटर. १ किलोग्रॅम-मीटर म्हणजे साधारण ७.२ पौंड-फूट, ९.८ न्यूटन-मीटर. एवढं पाठ असूनही मी पौंड-इंचाचा आकडा पौंड-फूट म्हणून वाचला. बारापट! टॅपेट कव्हरचा बोल्ट लोण्यासारखा तुटला. त्यात वाईट म्हणजे तुटायच्या आधी एक क्षण तो "छान बसतोय" असं वाटलं होतं.

चोक
अमेरिकन आवृत्ती घेणाऱ्यांनो, गॅलनही वेगळा. ब्रिटिश ४.५ लिटर, अमेरिकन ३.८. पाइंटही तसाच, ५६८ मिली आणि ४७३ मिली. गिअरबॉक्सचं तेल पाइंटमध्ये दिलेलं असतं, तिथे गंमत होते.

मागची सीट
आणि "हूड"! ब्रिटिश पुस्तकात हूड म्हणजे कापडी छत, अमेरिकन पुस्तकात बॉनेट. आमच्या हिने मला पुस्तकातून वाचून दाखवलं, "हूड काढून बाजूला ठेवा." मी बॉनेटचे बिजागर सोडवले. काम छताचं होतं.

तेलकट बाही
हसण्यावारी नेऊ नका, चुकीच्या पुस्तकाने गाडी मरतेसुद्धा. सित्रोएन डीएस. ब्रेक, सस्पेन्शन, स्टिअरिंग सगळं एकाच हायड्रॉलिक तेलावर. आधी लाल एलएचएस, १९६६ च्या शेवटी हिरवं खनिज एलएचएम आलं. दोन्हींची रबरं वेगळी. लाल गाडीत हिरवं ओतलं की सील फुगून बाद. ओळखीतल्या एकाने जुन्या गाडीसाठी नंतरच्या वर्षाचं पुस्तक वापरून हेच केलं. गाडी अजून जमिनीला टेकलेली आहे, वर उठतच नाही. मी त्याला भेटायला गेलो की आम्ही तो विषय काढत नाही.

भुंगा१२व्होल्ट
बाप रे 😟

सुटी पानं
स्कॅन प्रत घेणारे, माझं ऐका. मी कुठून घेतली ते सांगत नाही, पण शेवटची घडीची पानं स्कॅन करताना उलगडलीच नव्हती! वायरिंगचा नकाशा अर्धा. डावीकडे हेडलाइट, उजवीकडे पोकळी. पैसे देण्याआधी वायरिंगचं पान मागा, त्यावरून प्रत कळते.
ल्युकसवाल्या (ल्युकस कंपनीचं वायरिंग असलेल्या) इंग्रजी गाड्या असतील तर वायरींचे रंग पाठ करून टाका. तपकिरी थेट बॅटरीकडून, पांढरी इग्निशननंतर, हिरवी इग्निशन आणि फ्यूजनंतर, काळी अर्थ, निळी हेडलाइट, लाल पार्किंग. अर्ध्या नकाशावर मी तेवढ्यावरच निभावलं. आणि पॉझिटिव्ह अर्थ की निगेटिव्ह, म्हणजे बॅटरीचं कोणतं टोक गाडीच्या बॉडीला जोडलंय, ते आधी तपासा. एमजीबी गाडी १९६७ च्या सुमारास निगेटिव्ह अर्थ झाली, मायनर शेवटपर्यंत पॉझिटिव्ह अर्थच होती.

उलटा पाना
पार्ट्स कॅटलॉग कुणीच म्हटलं नाही? मॅन्युअलपेक्षा मी तोच जास्त उघडतो. सुटे सुटे करून काढलेली चित्रं असतात. कोणता वॉशर कोणत्या बाजूला, हे तिथेच दिसतं. @मागची सीट यांनी तो घेतला असता तर स्प्रिंग उरली नसती.

मागची सीट
स्प्रिंग माझी आहे, तिच्यावर बोलू नका.

शांत गिअर
एक सावधगिरी. जुन्या पुस्तकातलं सगळंच आज करायचं नसतं. ब्रेक ड्रममधली धूळ हवेने उडवा असं लिहिलेलं सापडेल. त्या काळच्या लायनिंगमध्ये अॅस्बेस्टॉस असायचं. ओल्या फडक्याने पुसा, फुंकर मारू नका. माझे काका फुंकायचे.

कसरफसर
वाचतेय. गाडी नाहीये माझ्याकडे. माळ्यावरच्या पुस्तकांना कसर लागते त्यावर कुणी काही केलंय का?

सुटी पानं
@कसरफसर, पुस्तक पिशवीत घालून तीनेक आठवडे डीप फ्रीझरमध्ये. खरंच.

पौंड की किलो
धागाकर्त्या ताई, एक विचारतो. काच आणि डिफरन्शियलवर फुल्या आहेत म्हणालात. इंजिनाच्या पानांवर आहेत का?

धागाकर्ती
नाहीत. आत्ता पुन्हा पाहिलं. इंजिनाच्या एकाही पानावर फुली नाही, उलट सगळ्यात जास्त डाग तिथेच आहेत. थांबा, खाली जाऊन येते.

नटबोल्ट
🍿

धागाकर्ती
ताडपत्री काढली, बॉनेट उघडलं, इंजिनच्या पट्टीवरची धूळ पुसली. नंबर ९४८ वाल्याचा आहे. गाडी सिरीज टू, इंजिन मायनर १००० चं. कधीतरी बदललेलं असणार, माझ्या जन्माआधी. बाबांनी पुस्तक इंजिनासाठी घेतलं होतं आणि जे लागू नाही त्यावर फुली मारली होती.
मी सकाळपासून त्यांना चूक ठरवून बसले होते.

उलटा पाना
मग आता फक्त सिरीज टू चं हवं, काच आणि मागच्या एक्सलपुरतं. इंजिनाचं आहेच तुमच्याकडे.

भुंगा१२व्होल्ट
वाळत घालून आले तर इथे एवढं झालं! ताई, त्या ठशाच्या पानाला प्लास्टिक लावू नका, शाई चिकटते. बटर पेपर लावा.

कसरफसर
फ्रीझरमध्ये ठेवलं. घरात आता सगळे विचारतायत की हे पुस्तक का गारठतंय.

धागाकर्ती
@भुंगा, बटर पेपर लावला. टॅपेट उद्या सकाळी. आत्ता इंजिन गार आहे, पण अंधार पडलाय आणि टॉर्च धरायला कुणी नाही.

चोक
मुलीला उठवा 😄